भदौ एकोणतीस

फोटोत सगळं स्पष्ट होतं. बांबूचा मांडव, सलाइनच्या बाटल्या टांगलेली दोरी, मांडवापुढे उभी केलेली बुलेट, तिच्या एका बाजूला हेमराज आणि दुसऱ्या बाजूला उज्ज्वला. फक्त हेडलाइटखालच्या पत्र्याच्या पाटीवर गोणपाट गुंडाळलेलं होतं.

योगराज आप्पांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"पाटी का झाकली?"

"धूळ बसते म्हणून," हेमराज म्हणाला.

"धुळीनं पाटीचं काय बिघडतं?"

हेमराजने बायकोकडे पाहिलं. आप्पांनी समोरच्या कागदावर एक ओळ लिहिली.

त्या पाटीवर काय आहे हे सुरतेतल्या गोडादऱ्याच्या खानदेशी वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. निळ्या रंगात, पेंटरकडून करून घेतलेली अक्षरं: 'सुरत – सेवायात्रा'. हेमराज लूमचा फिटर. कुणाच्या हजेरीवर नाही. ज्याचा माग बंद पडेल त्याच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, जायचा. उज्ज्वला वस्तीतल्या मंडळाच्या दवाखान्यात सिस्टर. एक्याण्णव साली दोघं पशुपतिनाथाला म्हणून बुलेटवर नेपाळला गेले. वाटेत एका गावात तिने भाजलेल्या मुलीच्या हाताला पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी दारात अकरा माणसं बसलेली. आठ दिवस तिथेच राहिले, देवळात पोचलेच नाहीत. मग सवय लागली. ब्याण्णवच्या थंडीत भूतानमध्ये रस्त्याच्या मजुरांच्या तळावर, त्र्याण्णवला पुरानंतर पुन्हा नेपाळात, आणि यंदा तिथल्याच हगवणीच्या शिबिरात. तो जनरेटर आणि पंप दुरुस्त करायचा, ती सलाइन लावायची.

वर्षातून महिनाभर बायकोला मागे बसवून परदेशात कोण जातं, हा प्रश्न वस्तीत पहिल्यापासून होता. कुणी म्हणायचं घड्याळं आणतो. कुणी म्हणायचं टाकीत सोनं भरून आणतो.

"मग पेट्रोल कुठं भरतो, बायकोच्या पर्समध्ये?" असं हेमराजने एकदा चहाच्या टपरीवर विचारलं होतं. लोक हसले, पण बोलणं थांबलं नाही.

आता प्रश्न घड्याळांचा नव्हता. सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. गणपती विसर्जनानंतर तीन-चार दिवसांत अर्धं शहर स्टेशनवर आणि हायवेवर होतं. दवाखान्याचे डॉक्टर गेले ते परतले नाहीत. टपालाने राजीनामा आला, नंतरच्या दोन पत्रांना उत्तर नाही. गाद्या-चादरी जाळताना सप्टेंबरचं हजेरीपत्रक आणि रजेचे अर्जही त्याच आगीत गेले. उरली एकटी प्रमिलाबाई, दवाखान्याची आया. नऊ दिवस तिने दार उघडं ठेवलं.

उज्ज्वला ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत आली. तिचं म्हणणं, आम्ही ऋषिपंचमीला सकाळी निघालो, डॉक्टरांना रजेचा अर्ज देऊन. प्लेगचं आम्हाला तिकडे रेडिओवर कळलं. शेजारच्या सरलाबाईचं म्हणणं, पळापळीच्या संध्याकाळी मी बुलेटचा आवाज स्वतः ऐकला. मंडळाचे अध्यक्ष बाबुराव यांनी ठरवलं, की चौकशी करायची. प्लेगच्या आधी गेली असेल तर रजा. नंतर गेली असेल तर रोग्यांना सोडून पळालेली सिस्टर दवाखान्यात नको. रविवारी, अठरा डिसेंबरला, सभेत निर्णय. तोवर तिने कामावर यायचं नाही.

चौकशीला योगराज आप्पांइतका योग्य माणूस वस्तीत नव्हता. अठ्ठावीस वर्षं जकात नाक्यावर कारकून. खोटी पावती हातात घेताच ओळखायचे, अशी ख्याती.

"शिबिराचं सर्टिफिकेट?" आप्पांनी विचारलं.

उज्ज्वलाने कागद पुढे केला. समितीचा शिक्का, खाली सही. मधोमध तिचं नाव आणि गाव. आप्पांनी गावावर बोट ठेवलं.

"धुळे?"

"हो."

"तुम्ही तर सुरतेच्या."

"माहेर धुळ्याचं आहे."

"इथं माहेर विचारलेलं नाही, सिस्टर."

उज्ज्वलाने हेमराजकडे न बघता सांगितलं, "मी खोटं सांगितलं तिथे. रेडिओवर बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी हापशावर आमची बादली बाजूला केली लोकांनी. पाटीवर 'सुरत' लिहिलेलं, ते सगळ्यांना वाचता येतं, त्यांची लिपीही आपलीच. मांडवात अठरा रोगी होते, ते माझ्या हातून सलाइन घेईनात. मग आम्ही रातोरात गाव बदललं. पुढच्या शिबिरात जाण्याआधी पाटी झाकली. गाव विचारलं तर धुळे सांगितलं."

"म्हणजे खोटं बोललात."

"बोलले."

आप्पांनी लिहिलं: गावाबाबत असत्य सांगितल्याचे मान्य.

"आणि सरहद्दीची पावती?"

ही हेमराजने दिली. नेपाळात गाडी नेताना सरहद्दीवर भन्सार भरावं लागतं, म्हणजे तिकडची जकात. पातळ पिवळसर कागद, गाडीचा नंबर, हेमराजचं नाव, जांभळा शिक्का. मजकूर देवनागरीत. आप्पांनी तो सवयीने आधी मागून पाहिला, मग पुढून. तारखेच्या जागी शाईने लिहिलं होतं: २०५१ भदौ २९.

आप्पांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. मग पावती घडी करून पाकिटात ठेवली.

"ही राहू द्या माझ्याकडे. या तुम्ही."

"काही विचारायचं नाही?" उज्ज्वला म्हणाली.

"नाही."

नाक्यावरचा हा पहिला धडा होता. पावतीत खोट दिसली तर ती ड्रायव्हरला सांगायची नाही. सांगितली, की तो तासाभरात दुरुस्त पावती घेऊन येतो. खोट मनात ठेवायची आणि सरळ साहेबांकडे जायचं. आप्पांनी अठ्ठावीस वर्षं तेच केलं होतं.

घरी येऊन त्यांनी भिंतीवरचं गुजराती तारखियुं, म्हणजे कॅलेंडर, काढलं. खरं तर गरज नव्हती. मराठी माणूस शके मोजतो, पण नाक्यावर येणारी व्यापाऱ्यांची बिलं संवतात असायची आणि आप्पांना संवत झोपेतही सांगता आलं असतं. दोन हजार एक्कावन्न हे साल लागलं बेसत्या वर्षाला, म्हणजे गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, चार नोव्हेंबरला. आज मागशर चालू होता. भदौ म्हणजे भादरवा, आपला भाद्रपद, आणि एक्कावन्नचा भादरवा येणार पुढच्या सप्टेंबरात. पावतीवरची तारीख अजून उगवायचीच होती.

दुसरी खोट त्याहून ढोबळ. तिथीला सुद किंवा वद, म्हणजे शुद्ध की वद्य, लागतं आणि आकडा पंधराच्या पुढे जात नाही. इथे सुद नाही, वद नाही, सरळ एकोणतीस. पावती करणाऱ्याला पंचांगही येत नव्हतं.

आप्पांनी तीनदा तपासलं. बुधवारी सकाळी स्वच्छ अक्षरात दीड पानी अहवाल लिहून बाबुरावांना दिला. शेवटचं वाक्य होतं: सदर पावती पुढील वर्षाच्या तारखेची असून बनावट आहे.

"अप्रतिम!" बाबुराव म्हणाले. "आप्पा, तुम्ही पोलिसात पाहिजे होतात."

गुरुवारी अहवालाची प्रत दवाखान्याच्या फळ्यावर लागली. आप्पा तिथून जात होते तेव्हा फळ्यासमोर आठ-दहा जण होते. कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवत होतं. "पुढल्या वर्षी जाऊन आली की बाई! आमचं पुढल्या वर्षाचं भविष्य विचारून यायचं होतं." हशा झाला. प्रमिलाबाई दारात झाडू घेऊन उभी होती. ती हसली नाही.

"आप्पा, खरं शे का हे?"

"कागद खोटा आहे, प्रमिलाबाई."

"मी कागदाचं नही विचारलं. ती पळाली का?"

"कागद खोटा म्हणजे तेच."

प्रमिलाबाईने कमरेची किल्ली चाचपली. ती किल्ली सप्टेंबरापासून तिच्याकडेच होती. "नऊ दिवस माणसं येत व्हती, आप्पा. गोळ्यांचे डबे भरलेले. माले कुठल्या डब्यावर काय लिहेल शे ते वाचता येत नव्हतं. एकेकाला हात जोडून सिव्हिलला धाडलं. ती पळाली असंन तर मी तिचं तोंड बघणार नही. पण तुमी माले पक्कं सांगा."

"पक्कंच आहे," आप्पा म्हणाले आणि घरी गेले.

शुक्रवारी सकाळी हेमराज आला. दाराबाहेरच उभा राहिला. हातात एक जुनी पावती होती, घडीवर फाटलेली.

"बसा," आप्पा म्हणाले.

"बसायला नाही आलो. फळ्यावर वाचलं. आता आमच्या सगळ्याच यात्रा खोट्या, नाही का? ही घ्या, पहिल्या वेळची. एक्याण्णवची. हिच्यावर पण शेरा मारा. एकदमच फळ्यावर लावा, दोन खिळे वाचतील."

"हेमराज, मी कागदावर जे दिसतं ते लिहिलं."

"तुम्हाला काय दिसलं ते आम्हाला का नाही विचारलं?"

आप्पांकडे उत्तर होतं, पण ते नाक्यावरचं होतं. हेमराजने पावती उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. बुलेट सुरू करायला त्याला तीन किका लागल्या.

आप्पांनी पावती उचलली. तोच पातळ कागद, तोच शिक्का, जरा फिकट. तारीख: २०४८ वैशाख २०. पुन्हा सुद-वद नाही. पुन्हा बनावट, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी हिशोब केला. अठ्ठेचाळीसचा वैशाख म्हणजे ब्याण्णवचा मे. म्हणजे इथेही एक वर्ष पुढे. नवरा-बायको म्हणतात एक्याण्णव, कागद म्हणतो ब्याण्णव.

ब्याण्णवचा मे.

आप्पांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. घोट्याच्या वर पांढरा व्रण होता. त्या उन्हाळ्यात पत्रा लागून तिथे जखम चिघळली होती, तीन आठवडे पाय खाली टेकता येत नव्हता. उज्ज्वला रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी घरी येऊन पट्टी बदलायची. एक दिवसही चुकली नाही. आखाजीलाही आली होती, डब्यात सांजोऱ्या घेऊन. "खानदेशी माणसानं आखाजीला पाय वर करून बसायचं म्हणजे काय," असं म्हणाली होती आणि आप्पांच्या बायकोने तिला आमरस खाल्ल्याशिवाय सोडलं नव्हतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखातली तीज. त्या वैशाखात उज्ज्वला नेपाळात असणं शक्यच नव्हतं. ती याच खोलीत, याच खाटेपाशी होती.

म्हणजे पावती खोटी. पण मग खोटी पावती करणाऱ्याने, ज्या महिन्यात बाई सुरतेत असल्याचे शंभर साक्षीदार आहेत तोच महिना का घालावा? आणि एक्याण्णवची यात्रा कुणी नाकारलेलीच नव्हती. तिच्यासाठी खोट्या कागदाची गरजच काय?

आप्पांनी दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या. दोन्हींत चूक एकच. एकाच मापाची, एकाच दिशेला, सव्वातीन वर्षांच्या अंतराने. नाक्यावर त्यांनी शेकडो खोट्या पावत्या पाहिल्या होत्या. खोटं करणारा दरवेळी वेगळीकडे चुकतो. दरवेळी सारखंच चुकतो तो माणूस नसतो, मोजपट्टी असते.

कुणाची मोजपट्टी, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. दुपारी जेवले नाहीत एवढंच.

शनिवारी ते पलसाण्याला गेले. बाबुरावांचं तिथल्या एका डाइंग मिलमध्ये कपडा वाळवायचं कंत्राट होतं. सभेआधी त्यांच्याशी बोलणं भाग होतं, काय बोलायचं ते मात्र ठरत नव्हतं. मिलच्या फाटकावर नेपाळी चौकीदार स्टुलावर बसून बिडी ओढत होता. आप्पा नाव लिहायला वाकले आणि थांबले.

"भाई, तुम्हारे यहाँ अभी कौन सा साल चल रहा है?"

"हमारे गाँव में? एक्कावन. दो हजार एक्कावन."

"दिवाली में लगा न?"

"दिवाली में काहे को लगेगा, साहब? बैशाख में लगा."

आप्पांनी खिशातून पाकीट काढलं, पावती काढली. "ये पढ़ो. ये तारीख कब आएगी?"

चौकीदाराने कागद लांब धरून वाचला आणि आप्पांच्या तोंडाकडे बघितलं. म्हातारा चेष्टा करतोय का, हे त्याला कळेना. "आएगी? ये तो चली गई. तीज के पाँच-छह दिन बाद. हमारी घरवाली तीज में मायके गई थी न, उसी का भदौ है ये."

"और सुद-वद?"

"वो पंडित लोग देखते हैं. सरकारी कागज में महीना सीधा गिनते हैं. एक, दो, तीन, इकतीस तक. बत्तीस भी होता है कभी."

"बत्तीस," आप्पा म्हणाले.

नेपाळातली ती तीज म्हणजे आपली हरतालिका. गणेशचतुर्थीचा आदला दिवस, यंदा आठ सप्टेंबर. तिच्यानंतर पाच-सहा दिवस धरले, तर चौदा सप्टेंबरच्या आसपास. विसर्जन अठराला. प्लेग त्यानंतर. ऋषिपंचमीला सुरतेतून निघालेली बुलेट चार-पाच दिवसांत सरहद्दीवर. सगळं जुळत होतं. कागद त्यांना परका वाटला असता, इंग्रजीत असता, तर त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं. अक्षरं आपली, महिन्याची नावं आपली, सालाचा आकडा ओळखीचा. म्हणून विचारलंच नाही.

बाबुरावांनी सगळं ऐकून घेतलं. वाळत घातलेल्या साड्यांच्या रांगांमधून ते दोघं चालत होते.

"म्हणजे तुम्ही चुकलात."

"मी चुकलो."

"आप्पा, नोटीस लागलेली आहे. चारशे घरांनी वाचलीय. आता मागं घ्यायची? लोक म्हणतील मंडळाला कॅलेंडर वाचता येत नाही."

"मला येत नाही, असं म्हणा."

"आणि पाटी झाकली ते? धुळे सांगितलं ते? ते तर तिनं कबूल केलंय. खोटं बोलणारी बाई आहे, एवढं तरी राहू द्या की अहवालात."

आप्पा थांबले. "बाबुराव, पळापळीत, बावीस सप्टेंबरला, तुम्ही कुठं होतात?"

बाबुरावांनी एक साडी बाजूला सारली. "नंदुरबारला. सासऱ्यांना बरं नव्हतं."

"मी अमळनेरला होतो. मला बरं होतं. पळून गेलो होतो. गाडीत शेजारच्यानं गाव विचारलं तेव्हा मीही सुरत नाही सांगितलं. नवापूर सांगितलं. माझी चौकशी कोण करणार आहे?"

बाबुराव तसेच साड्यांच्या रांगांमधून परत फिरले. फाटकापर्यंत सोडायलाही आले नाहीत.

रविवारी दवाखान्यासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. ऐंशीएक माणसं असतील. उज्ज्वला आणि हेमराज कडेला बसले होते. त्यांच्याभोवती हात-दोन हात सतरंजी रिकामी होती. प्रमिलाबाई दारातच, कमरेला किल्ली.

आप्पांनी अहवाल वाचला नाही. उभे राहून सांगितलं, "फळ्यावर लावलेलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे. पावती खरी आहे. नेपाळचं साल वैशाखात बदलतं, आपल्याकडचं दिवाळीत. मी त्यांचा कागद आपल्या कॅलेंडरनं वाचला. पावतीची तारीख प्लेगच्या आठवडाभर आधीची आहे. सिस्टर आधीच गेल्या होत्या."

कुजबुज झाली. सरलाबाई उठली. "पण मी आवाज ऐकला ना बुलेटचा! माझ्या कानानं!"

"ऐकला असशील," हेमराज म्हणाला. "सुरतेत माझ्या एकट्याकडेच बुलेट आहे का?"

मागून एकाने विचारलं, "आणि चौकीदारानंच खोटं सांगितलं असलं तर? तोही नेपाळी, पावतीही नेपाळी."

हा प्रश्न आप्पांना अपेक्षित होता; चार दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः तोच विचारला असता. त्यांनी एक्याण्णवची पावती वर धरली, डाव्या पायाचं धोतर थोडं उचललं आणि आखाजीची हकिकत सांगितली. तारखा सावकाश, दोनदा सांगितल्या. आपल्या कॅलेंडरने ही पावती ब्याण्णवच्या मे महिन्याची, पण तेव्हा सिस्टर रोज इथे होत्या; म्हणजे चूक पावतीत नाही, आपल्या हिशोबात. लोकांनी त्या व्रणाकडे पाहिलं. ब्याण्णवच्या आखाजीला सिस्टर वस्तीत होती हे आठवणारे आणखी चार-पाच जण निघाले. एकीची तर बाळंतपणाची तारीखच ती होती.

बाबुरावांनी घसा साफ केला. "पावतीचा प्रश्न मिटला असं धरू. तरी गाव खोटं सांगणं, पाटी झाकणं—"

"बाबुरावभाऊ," प्रमिलाबाई दारातून म्हणाली, "नऊ दिवस मी या दारात व्हते. या सतरंजीवर बसेल लोकांमदला एक माणूस माले नही दिसला. जो व्हता त्यानं बोलावं."

बाबुरावांनी कागद चाळले आणि सिस्टर उद्यापासून कामावर येतील असं सांगून सभा संपवली. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. लोक उठले, सतरंज्या झटकल्या. जाता जाता दोघं हळू आवाजात बोलत होते, की घड्याळांचं काय ते अजून कळलेलंच नाही.

आप्पा उज्ज्वलाजवळ गेले आणि दोन्ही पावत्या तिच्या हातात दिल्या.

"मंगळवारी मला विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो," उज्ज्वला म्हणाली. तिने पावत्या पर्समध्ये ठेवल्या. ते ठीक आहे असंही म्हणाली नाही.

प्रमिलाबाईने कमरेची किल्ली सोडली, पण लगेच दिली नाही. मुठीत धरून उज्ज्वलाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिला हाताला धरून आत, गोळ्यांच्या कपाटापाशी नेलं. कपाटात पांढरे डबे ओळीने लावलेले होते.

"आधी हे डबे माले वळखाले शिकाड," ती म्हणाली. "कुठला कशाचा. मग किल्ली. आनि पुढल्या साली जाशीन तवा माले सांगून जा. माले, कागदाले नही."

उज्ज्वलाने पहिला डबा खाली काढला.